इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर: राग आणि क्रूरतेपुढे मैत्री टिकवायला कितपत कामाचं?

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातल्या विपश्यना शिबिराबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेकांचा रोख पहाटे चारची घंटा, मौन आणि साधं जेवण यांवरच असतो. आम्ही इथे एकच प्रश्न धरला आहे. समोरचा माणूस चिडलाय, अपमान करतोय, कधी उघड क्रूरपणे वागतोय, अशा वेळी मनात द्वेष न धरता उभं कसं राहायचं, हे या शिबिरात शिकायला मिळतं का?

अर्धं शिकायला मिळतं, आणि तो अर्धा भाग अतिशय मोलाचा आहे. राग शरीरात उठतानाच ओळखण्याची इतकी कसून तालीम सामान्य नोकरदार माणसाला विनामूल्य देणारी दुसरी जागा आम्हाला माहीत नाही. मैत्रीची, म्हणजे सर्वांचं भलं चिंतणाऱ्या भावनेची, मात्र इथे फक्त ओळख होते. उरलेलं काम घरी जाऊन करायचं असतं, आणि ते नीट कसं करायचं हे माहीत नसल्यामुळे बरेच साधक दोन-तीन महिन्यांत पूर्वपदावर येतात.

ज्यांनी अजून शिबिर केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती. ही पद्धत सत्यनारायण गोयंका यांना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून मिळाली. ऊ बा खिन हे तिथले महालेखापाल होते, भिक्खू नव्हते. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं, पण त्याआधीपासूनच शिबिरं त्यांच्या ध्वनिमुद्रित सूचना आणि सहायक आचार्य यांच्या आधारे चालतात. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत. दान द्यायचं तर निदान एक शिबिर पूर्ण केल्यावरच घेतलं जातं. नाशिक, पुणे, कोल्हापूर, नागपूर इथेही केंद्रं आहेत आणि अभ्यासक्रम सगळीकडे तोच असतो, त्यामुळे इगतपुरीलाच जागा मिळाली पाहिजे असा हट्ट धरू नये.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्या छोट्या जागेत श्वास जाणत राहणं. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत आणि पुन्हा वर, शरीराचा एकेक भाग तपासायचा, तिथे जी संवेदना असेल ती जाणायची आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. त्यानंतर दिवसातून तीन वेळा, सकाळी ८ ते ९, दुपारी २:३० ते ३:३० आणि संध्याकाळी ६ ते ७, अधिष्ठानाची बैठक असते. या तासभरात हात, पाय, डोळे उघडायचे-हलवायचे नाहीत.

रागाच्या दृष्टीने शिबिराचा गाभा हा तास आहे. चाळिसाव्या मिनिटाला गुडघ्यात कळ येते आणि तिच्या मागोमाग मनात एक वाक्य येतं: ‘हे लोक मुद्दाम घंटा उशिरा देतायत.’ प्रत्यक्षात दुखतोय गुडघा, पण मनाने गुन्हेगार शोधलासुद्धा. घरात आणि ऑफिसात अगदी असंच होतं. आधी छातीत गरम लाट, कानशिलं तापणं, जबडा आवळणं, श्वास आखूड होणं, आणि मग ‘हा माणूसच असा आहे’ हा निकाल. आपल्याला एरवी फक्त निकाल दिसतो. शिबिरात त्याच्या आधीची लाट दिसू लागते. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत नियमित बसणाऱ्या बहुतेकांना ती दोन-तीन श्वास आधी कळते. एवढ्या अवधीत निदान तोंड मिटून ठेवता येतं.

दुसरा आणि सहावा दिवस जड जातो असं शिबिरांत नेहमी सांगितलं जातं. मौनात जुने अपमान वर येतात, पंधरा वर्षांपूर्वीची भांडणं शब्दशः आठवतात. हे बिघाडाचं लक्षण नाही. मात्र अशा वेळी आचार्यांकडून मिळणारी मदत मर्यादित असते. दुपारी १२ ते १ या वेळात नाव नोंदवून भेटता येतं, पण भेट काही मिनिटांचीच असते आणि उत्तर साधनेपुरतं असतं: संवेदना बघा, समता ठेवा. ज्याच्या वाट्याला खरोखरची मारहाण किंवा छळ आलाय त्याला एवढं पुरत नाही. ही आमच्या लेखी या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव.

मैत्री येते ती दहाव्या दिवशी सकाळी. तिला इथे मंगल मैत्री म्हणतात. आधी क्षमा मागायची, क्षमा करायची, मग सर्व प्राण्यांचं भलं होवो अशी भावना संवेदनांसह शरीरभर आणि शरीराबाहेर पसरवायची. त्यानंतर मौन सुटतं. पुढे घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं आणि तासाच्या शेवटी साधारण पाच मिनिटं मैत्री करायची, एवढी सूचना मिळते. तिच्यासोबत एक अटही सांगितली जाते, जी अनेकांच्या लक्षात राहत नाही: मन अस्वस्थ असेल, शरीरात जड, दुखऱ्या संवेदनाच असतील, तर त्या बैठकीत मैत्री करू नये. अट बरोबर आहे. दात आवळून ‘सबका मंगल हो’ म्हटलं तर सराव दात आवळण्याचाच होतो.

अडचण अशी की राग येतो तेव्हा मन अस्वस्थच असतं. मग ज्या दिवशी गरज आहे नेमक्या त्याच दिवशी मैत्री वगळायची का?

मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातल्या ककचूपम सुत्तात (क्रमांक २१) श्रावस्तीच्या वेदेहिकेची गोष्ट आहे. शांत, नम्र, सोशिक म्हणून तिची ख्याती होती. तिची दासी काली कामात चोख. कालीच्या मनात आलं, बाई खरंच शांत आहेत की माझं काम चोख आहे म्हणून राग दिसत नाही? ती मुद्दाम उशिरा उठली. वेदेहिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या वेळी आणखी उशीर, तेव्हा तोंडाचा पट्टा सुटला. तिसऱ्या वेळी वेदेहिकेने दाराची खीळ उचलून कालीच्या डोक्यात घातली, आणि काली रक्ताळलेल्या डोक्याने शेजाऱ्यांना दाखवत फिरली: बघा, शांत बाईंचं काम. शिबिराचे दहा दिवस म्हणजे काली वेळेवर उठते ते दिवस. कुणी बोलत नाही, फोन नाही, जेवण हातात मिळतं. दहाव्या दिवशी वाटणारं प्रेम खरं असतं, पण त्याची परीक्षा झालेली नसते. बाराव्या दिवशी लोकलमध्ये कोपर बसतं आणि साधक स्वतःवरच चिडतो की दहा दिवस फुकट गेले. फुकट गेलेले नसतात, पुढचा भाग अजून शिकायचा असतो इतकंच.

तो पुढचा भाग पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी श्रीलंकेत लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या साधनाग्रंथाच्या नवव्या प्रकरणात सविस्तर आहे. शिबिरात इतर पद्धती मिसळू नका अशी शिस्त असते, आणि त्या दहा दिवसांत ती काटेकोर पाळावी. जप, पाठ, आधीची साधना, सगळं बाजूला. घरी परतल्यावर ज्यांना ही क्रमवार मैत्री करायची असेल त्यांनी ती विपश्यनेच्या तासात न घालता वेगळी, वीस-पंचवीस मिनिटांची बैठक ठेवावी.

सुरुवात स्वतःपासून. विहारांत म्हटली जाणारी पाली वाक्यं पुरेशी आहेत: अहं अवेरो होमि, अब्यापज्झो होमि, अनीघो होमि, सुखी अत्तानं परिहरामि. मराठीत म्हणायचं तर, माझ्या मनात वैर नसो, द्वेष नसो, मला क्लेश नसोत, मी सुखाने स्वतःला सांभाळो. पाच मिनिटं, सावकाश, एका श्वासाला एक वाक्य. मग ज्यांच्याबद्दल आदर आहे अशी हयात व्यक्ती, शाळेतल्या बाई चालतील. मृत व्यक्ती घ्यायची नाही असं ग्रंथ स्पष्ट सांगतो. जिच्याबद्दल आकर्षण वाटू शकतं तीही नको. अगदी जिवलग माणूसही पहिल्यांदा नको, कारण त्याला जरासं काही झालं तरी रडू येतं आणि मैत्रीऐवजी काळजी सुरू होते. म्हणून जिवलग तिसऱ्या टप्प्यावर. त्यानंतर तटस्थ माणूस: सोसायटीचा वॉचमन, रोजचा कंडक्टर, ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. या टप्प्याला कंटाळा येतो म्हणून लोक तो गाळतात आणि तिथेच फसतात. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याचं भलं चिंतता येत नसेल, तर ज्याने दुखावलंय त्याचं कुठून येणार?

वैरी सर्वांत शेवटी, आणि त्यातही आधी किरकोळ. गेटसमोर गाडी लावणारा, मीटिंगमध्ये मधेच तोडणारा. आयुष्यातल्या सर्वांत क्रूर माणसाला पहिले कित्येक महिने बोलावूच नये. त्याचा चेहरा येताच जबडा आवळला तर ताबडतोब मागच्या टप्प्यावर परत जायचं, तिथे मन मऊ झालं की पुन्हा प्रयत्न. हे मागे-पुढे जाणं हाच सराव आहे.

तरीही राग हटत नसेल तर बुद्धघोष एकामागून एक उपाय देतात. त्यातले तीन आम्हाला रोजच्या व्यवहारात सर्वांत उपयोगी वाटतात. पहिला, त्या माणसाची एखादी तरी बरी बाजू शोधणं. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात बुद्धाचा शिष्य सारिपुत्त याचं एक सुत्त याच विषयावर आहे. ज्याचं वागणं आणि बोलणं दोन्ही वाईट, पण मन क्वचित कधी निवळतं, त्याच्याकडे कसं बघायचं? उन्हाने तापलेल्या, तहानलेल्या वाटसरूला गाईच्या खुराच्या ठशात साचलेलं पाणी दिसतं. ओंजळ घातली तर गढूळ होईल, म्हणून तो गुडघ्या-हातांवर वाकून हलकेच पितो. तेवढंच घ्यायचं, गाळ ढवळायचा नाही. आणि ज्याच्याकडे तेवढंही नाही तो? तो गावापासून दूर, वाटेत एकटा पडलेला आजारी माणूस. त्याच्याबद्दल करुणा. दुसरा उपाय तुकडे करून बघण्याचा: मी नक्की कशावर चिडलोय, त्याच्या केसांवर, नखांवर, हाडांवर, की बोलताना घशातून आलेल्या वाऱ्यावर? शिबिर केलेल्याला हा उपाय पटकन जमतो, कारण शरीर भागाभागाने बघायची सवय झालेली असते. तिसरा, त्याला काही देणं किंवा त्याच्याकडून घेणं. दिवाळीला फराळाचं ताट नेऊन देणं कित्येक बैठकांपेक्षा जास्त काम करतं, अट इतकीच की माणूस धोकादायक नसावा.

मैत्री पक्की झाली की नाही याची परीक्षा ग्रंथात फार कठोर दिली आहे. तुम्ही, एक प्रिय, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे बसला आहात. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला एक द्या. ‘याला न्या’ असं मनात आलं तर आपला-परका ही सीमा तुटली नाही, हे उघडच आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असं वाटलं तरीसुद्धा सीमा तुटलेली नाही, कारण तिथे स्वतःचं अहित चिंतलं गेलं. घरातल्या सर्वांचं सोसून स्वतःला झिजवणाऱ्या बायकांना आपल्याकडे मैत्रीची मूर्ती समजलं जातं. त्यांना ही ओळ कुणीतरी वाचून दाखवली पाहिजे.

आता क्रूरतेकडे. राग आणि क्रूरता यांना एकच औषध देणं ही नेहमीची चूक आहे. परंपरेत चार ब्रह्मविहारांचे, म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, मनाचा समतोल) या चार भावनांचे, शत्रू वेगवेगळे सांगितले आहेत. मैत्रीचा उघड शत्रू द्वेष आणि छुपा शत्रू आसक्ती. करुणेचा उघड शत्रू विहिंसा, म्हणजेच क्रूरता, आणि छुपा शत्रू शोक. उपेक्षेचे उघड शत्रू राग-लोभ, छुपा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी. म्हणजे आपल्या मनात ‘याला तडफडताना बघायचंय’ असा विचार येतो तेव्हा मैत्रीची वाक्यं घोकण्यापेक्षा करुणा हाताशी घ्यावी: पीडिताचं दुःख संपो, आणि हा जे करतोय त्याचं फळ यालाही भोगावं लागणार आहे, तेही दुःखच. अत्याचाराचे व्हिडिओ बघून रात्रभर झोप न लागणं म्हणजे करुणा नव्हे, तो तिचा छुपा शत्रू. फोन बाजूला ठेवावा, एखाद्या पीडिताला प्रत्यक्ष मदत करावी आणि झोपावं. मैत्रीही नाही, करुणाही नाही, अशी वेळ आली तर अंगुत्तर निकायातलंच दुसरं सुत्त उपेक्षा सांगतं, तेही जमत नसेल तर त्या माणसाकडे लक्ष न देणं, आणि शेवटी तो आपल्या कर्माचा धनी आहे हे स्मरण. लक्ष न देणं हा बुद्धाने सांगितलेला मान्य उपाय आहे. नंबर ब्लॉक करताना अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

समोर प्रत्यक्ष कुणी ओरडत असेल तेव्हा यातलं काहीही करत बसू नये. तीन श्वास, लक्ष कानशिलांवर किंवा छातीवर, जीभ टाळूला, उत्तर नाही. शक्य झालं तर दोन पावलं मागे. मैत्री संध्याकाळी, सोप्या माणसापासून. त्या क्षणी यश म्हणजे आपल्याकडून इजा न होणं, प्रेम वाटणं नव्हे.

पूर्वतयारीचा सर्वांत चांगला नमुना तर महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. पुण्ण नावाच्या भिक्खूने सुनापरांतात जायचं ठरवलं. हा प्रदेश सामान्यतः सोपाऱ्याच्या भागाशी जोडला जातो, जिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन करून उजेडात आणला, म्हणजे आजचा नालासोपारा. बुद्धाने विचारलं, तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, हाताने मारत नाहीत, भले आहेत असं समजेन. हाताने मारलं तर? ढेकळं मारत नाहीत. मग काठी, मग शस्त्र, शेवटी जीव घेण्यापर्यंत बुद्ध एकेक पायरी वर नेत गेला आणि पुण्णाने प्रत्येक पायरीचं उत्तर आधीच शोधून ठेवलेलं होतं. उद्याच्या अवघड मीटिंगसाठी आदल्या रात्री दहा मिनिटं असंच करून बघा: ‘ते सर्वांसमोर चूक काढतील’ इथपासून ‘प्रोजेक्ट काढून घेतील’ इथपर्यंत, दर पायरीला शरीरात काय होतं ते बघत.

पण हा दाखला कुणाला द्यायचा याचं भान हवं. पुण्ण भिक्खू होता, स्वतःहून निघाला होता, मागे लेकरं नव्हती. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, जातीवरून छळ सोसणाऱ्या विद्यार्थ्याला तिसऱ्याच कुणीतरी ‘मैत्री कर’ म्हणून सांगणं हा धम्म नाही. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत, अशी मैत्रीला करुणेच्याही पुढची जागा दिली. हेच बाबासाहेब १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर उभे राहिले होते. तक्रार नोंदवणं, साक्ष देणं, घर सोडणं आणि मनात वैर न बाळगणं हे सगळं एकाच माणसाला एकाच वेळी करता येतं. तक्रार लिहिताना हात थरथरत नाही, विशेषणं कमी आणि तारखा जास्त येतात, हा साधनेचा थेट उपयोग.

आणखी एक चूक सरसकट दिसते: मैत्रीचा समोरच्यावर काय परिणाम झाला हे मोजत बसणं. सहा महिने सासूबाईंना मैत्री दिली, त्या काही बदलल्या नाहीत. मोजायचंच असेल तर आपलं मोजा. भांडणानंतर तेच ते मनात किती वेळ घोळतं? आधी दोन दिवस, आता दोन तास? तेवढी खूण पुरे.

पद्धत खडतर परिस्थितीत चालते का, अशी शंका असेल तर तुरुंगांचा इतिहास बघावा. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात गोयंकांनी शिबिर घेतलं, १९९४ मध्ये तिहारमध्ये एकाच वेळी हजाराहून अधिक कैदी बसले. त्याच तिहारमध्ये पुढे कायमचं केंद्र झालं.

जाण्याआधी काही व्यवहाराच्या गोष्टी. अर्ज ऑनलाइन भरायचा, जागा लवकर भरतात म्हणून दोन-तीन महिने आधी बघावं. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी संपतं. आदल्या दिवशीचं पोहोचणं धरून बारा दिवसांची रजा टाकावी आणि जमल्यास वर एक दिवस, कारण थेट कामावर गेलं की पहिलाच फोन जड जातो. पावसाळ्यात इगतपुरीला कपडे वाळत नाहीत, दोन जोड जास्त घ्यावेत, छत्री आणि न घसरणाऱ्या चपला हव्यातच. हिवाळ्यात पहाटे साडेचारच्या बैठकीला शाल लागते. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळ किंवा हलका खाऊ, रात्रीचं जेवण नाही. पित्ताचा त्रास किंवा मधुमेह असेल तर अर्जातच लिहावं. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्ची मिळते, तेही आधी कळवावं.

मानसिक आजाराचा रकाना खरा भरावा. गंभीर आजार असलेल्यांनी येऊ नये असं केंद्र स्वतःच सांगतं, आणि शिबिरासाठी गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे. झोप उडालीय, जुन्या छळाची दृश्यं दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे येतायत, अशी अवस्था असेल तर आधी डॉक्टर. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. घरात मारहाण चालू असेल तर आधी १८१ किंवा ११२. अर्ज त्यानंतर, सुरक्षित जागी राहायला गेल्यावर भरावा.